प्रश्न वाचकांचे : ज्यांच्यासाठी गायचे, त्यांना आधी विचारावे

या महिन्यात आलेल्या पत्रांत विशीच्या आसपासच्या गायक-वादकांची आणि त्यांच्या पालकांची पत्रे बरीच आहेत. आपली कला आपल्या गावाच्या, वस्तीच्या उपयोगी कशी पडेल, हाच त्या सर्वांचा विषय आहे. म्हणून इतर प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवून यावेळी याच पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही एका गायनवर्गातील सहा-सात विद्यार्थी आहोत. गुरुजींच्या परवानगीने जवळच्या वृद्धाश्रमात आम्ही कार्यक्रम केला. पूरिया धनाश्री रागाचा बडा ख्याल, छोटा ख्याल, तराणा आणि नंतर तबल्याचे एकल वादन, असा बेत होता. अर्ध्या तासात काहीजण उठून गेले, काहीजण पेंगू लागले. शेवटी एका आजींनी ‘एखादा अभंग येतो का?’ असे विचारले, तेव्हा आमच्यापैकी कोणालाही एकही अभंग पूर्ण पाठ नव्हता. अशा ठिकाणी शास्त्रीय संगीत गाऊच नये का? आणि आम्ही पुन्हा जावे का? (एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा)

उत्तर : अवश्य जावे, आणि लवकर जावे. त्या आजींनी तुम्हाला अभंग येतो का असे विचारले, म्हणजे तुमच्याकडून त्यांना काही ऐकायचे होते. ज्या सभागृहात रसिक शिष्टाचारापुरत्या टाळ्या वाजवून घरी जातात, तिथे असे कोणी विचारत नाही.

तुमच्या पत्रावरून असे दिसते की, परीक्षेसाठी जे तयार होते तेच तुम्ही तिथे मांडले. आपल्याकडे संगीताचे शिक्षण बव्हंशी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांभोवती फिरते. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर परीक्षक असतो, श्रोता क्वचितच असतो. त्या परीक्षांचे महत्त्व मी कमी लेखत नाही, परंतु वृद्धाश्रमातील श्रोता परीक्षक नाही आणि संगीतसभेचा तिकीट काढलेला रसिकही नाही. तो स्वतःच्या घरात बसलेला आहे आणि तुम्ही त्याच्याकडे पाहुणे म्हणून गेला आहात. पाहुण्याने यजमानांची आवड आणि त्यांची वेळ विचारूनच बसायचे असते. त्यामुळे पुढच्या वेळी कार्यक्रम करण्यापूर्वी दोघांनी एकदा नुसतेच जाऊन यावे, वाद्ये नेऊ नयेत. दुपारचा चहा किती वाजता होतो, झोप केव्हा संपते, कोणाला ऐकू कमी येते, खोलीतून बाहेर येता न येणारे किती आहेत, पूर्वी कोण कुठे राहत होते आणि काय ऐकत होते, हे विचारावे. उत्तरे वहीत लिहून आणावीत.

त्या उत्तरांतूनच तुमचा कार्यक्रम तयार होईल. आज जे ऐंशीच्या घरात आहेत त्यांचे बालपण आकाशवाणीच्या काळात गेले. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून दर आठवड्याला नवे गीत याप्रमाणे प्रसारित झालेले गीतरामायण त्यांच्यापैकी काहींनी शाळकरी वयात ऐकलेले असेल. पुढे भावगीते आली, नाट्यपदे तर घराघरांत होतीच. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींनाही तरुणपणी ऐकलेली गाणी बराच काळ आठवत राहतात, असे अभ्यासांतून दिसून आलेले आहे. नातवाचे नाव विसरलेले आजोबा पदाचा अंतरा अचूक उचलतात, हे वृद्धाश्रमात काम करणारे कार्यकर्ते नेहमी सांगतात. अमुक रागाने रक्तदाब उतरतो किंवा तमुक रागाने झोप लागते, असे मात्र कोणाला सांगू नका. तुम्ही गायला चालला आहात, औषध द्यायला नाही, आणि आजारी माणसाला खोटी आशा लावण्याचा अधिकार कोणालाच नाही.

शास्त्रीय संगीत गाऊच नये का, असे तुम्ही विचारले आहे. गावे, परंतु दहा मिनिटांचे गावे आणि त्याला ओळखीची वाट ठेवावी. भीमपलासची मध्यलयीतील बंदिश झाली की त्याच रागाच्या सुरांवर बेतलेला अभंग घ्यावा. ज्यांना राग ठाऊक नाही त्यांनाही दोन्हींतील नाते कानाला कळते, आणि पुढच्या खेपेला कोणीतरी ‘ते मघाचे पुन्हा म्हणा’ असे सांगते. विलंबित, म्हणजे संथ लयीतील, ख्यालाचा विस्तार मात्र अजून तुमच्या गळ्यात पुरता बसलेला नसेल, तर तो तिथे ऐकवू नये. ‘वृद्धाश्रमच आहे, चालून जाईल’ हा विचार ज्याच्या मनात येतो त्याने तिथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विनामूल्य कार्यक्रमाची तालीम तिकिटाच्या कार्यक्रमाइतकीच व्हायला हवी.

आता काही बारीक गोष्टी. तुमच्यातील मुली पेटीच्या काळी चार किंवा काळी पाच या उंच पट्टीत गात असतील. त्या पट्टीत आजींना साथ देता येत नाही, कारण वयाबरोबर आवाज खाली उतरतो. सर्वांनी मिळून म्हणायच्या पदांसाठी पांढरी चार किंवा पांढरी पाच धरावी. गाणारीला खर्जात थोडे अवघडल्यासारखे होईल, ते सोसावे. ध्वनिक्षेपक शक्यतो नेऊ नये, कारण श्रवणयंत्र लावलेल्यांना मोठा केलेला तबला आणि पेटी एकत्र आली की शब्द समजेनासे होतात. अर्धवर्तुळात, त्यांच्या खुर्च्यांच्या जवळ बसावे. पाऊण तासापेक्षा अधिक वेळ घेऊ नये. जे खोलीतून येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे शेवटी एकाने पेटी आणि एकाने गळा घेऊन जावे आणि एकच पद म्हणावे. माझ्या अनुभवात सबंध कार्यक्रमातील सर्वांत मोलाची दहा मिनिटे तीच असतात.

याहून पुढची गोष्ट अशी की, तिथे गाणी तुमच्यापेक्षा त्यांच्याकडे अधिक असतात. खेड्यातून आलेल्या एखाद्या आजी ‘मला बाई गाणे येत नाही’ म्हणतील. त्यांना जात्यावर काय म्हणत होता असे विचारून पाहावे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी पुण्यात राहून, सहकाऱ्यांच्या मदतीने, महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. हा ठेवा आज खुला आहे, आणि तो ज्या पिढीच्या तोंडी होता तिच्यातील शेवटच्या बायका आज अशाच आश्रमांत आणि माजघरांत आहेत. आजी ओवी म्हणू लागल्या तर तबला धरू नका. त्यांची लय जात्याच्या फेऱ्याची आहे. तिला केरवा तालात बसवायला गेलात तर त्या थांबतील. नुसते ऐका, त्यांची परवानगी असेल तर ध्वनिमुद्रण करा, आणि पुढच्या महिन्यात ती ओवी तुम्ही स्वतः शिकून त्यांना म्हणून दाखवा.

‘पुढच्या महिन्यात’ हे मी जाणूनबुजून लिहिले आहे. दिवाळीत एकदा जाऊन, फराळ वाटून, छायाचित्रे काढून परत येणारे पुष्कळ असतात. तुम्ही महिन्यातील एक वार ठरवावा, उदाहरणार्थ दुसरा रविवार, आणि तो मोडू नये. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुमच्या परीक्षा असतील, तेव्हा सर्वांनी जाणे शक्य होणार नाही; अशा वेळी दोघांनीच जावे, परंतु जावे. तिथे कोणीतरी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केलेला असतो.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील आहे, वय एकोणीस. वऱ्हाडी बोलीत रॅप लिहितो. गावातील दारू, पिण्याचे पाणी, शेतकऱ्यांची कर्जे हे माझे विषय आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हटले तेव्हा मुलांनी डोक्यावर घेतले, पण काही वडीलधारे म्हणाले की हे आपले संगीत नव्हे, आणि यातून समाजसेवा होत नसते. तुमचे मत काय? (एक वाचक)

उत्तर : ज्या मातीत तुम्ही राहता तिथे हे वाक्य कोणी उच्चारावे याचे मला वाईट वाटले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) तुमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. हातात खंजिरी घेऊन, साध्या बोलीत, कोणालाही उचलता येईल अशा चालीवर ते ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण हे विषय भजनांतून गावोगाव सांगत, आणि १९४२ च्या आंदोलनात त्या भजनांपायी त्यांना तुरुंगात जावे लागले. मुंबईच्या गिरणगावात १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तरुणांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि तमाशाच्या बाजातून कामगारांचे प्रश्न मांडले. त्या वेळी ते तिघेही विशी-तिशीत होते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी डॉ. आंबेडकरांचा विचार गाण्यांतून वस्त्यावस्त्यांत पोहोचवला. ठेक्यावर शब्द नेमका टाकणे आणि ऐकणाऱ्याला विचार करायला लावणे हे काम आपल्याकडे शाहिरांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेले आहे. तुमचा ठेका दुसऱ्या देशातून आला, म्हणून तुमचे शब्द परके होत नाहीत. धारावीतील मुलांनी तेच केले आणि आपल्या गल्लीची हकीकत आपल्या भाषेत सांगितली, म्हणून ती देशभर ऐकली गेली.

असे असले तरी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातील दुसरा भाग मी सोडून देणार नाही. गाण्याने समाजसेवा होते का? गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) उदाहरण घ्या. ते गावात आले की आधी खराटा हातात घेत, दिवसभर रस्ते झाडत, आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनातही ते सांगण्यापेक्षा विचारत अधिक. लोक उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. दिवसा त्यांच्या हातात खराटा पाहिलेला असल्यामुळेच रात्रीचा त्यांचा शब्द लोकांना टोचत असे, आणि पटतही असे. तुम्ही दारूवर लिहिता; गावात दारूबंदीसाठी झटणाऱ्या बायका असतील तर त्यांच्या बैठकीला जाऊन बसा आणि त्या काय सोसतात ते ऐका. त्यांना तुमचे गाणे हवे असेल तर त्यांच्या सभेत म्हणा. पाण्यावर लिहिता, तर हातपंप किती दिवस बंद आहे, अर्ज कोणाकडे पडून आहे, हे गाण्यात नेमकेपणाने येऊ द्या. ‘व्यवस्था’ आणि ‘समाज’ अशा मोघम शब्दांवर ठेका धरला तर टाळ्या मिळतात, पण गावातील कोणालाच ते आपल्याविषयी आहे असे वाटत नाही. कर्जापायी ज्या घरातील माणूस गेला आहे त्या घराविषयी लिहिताना मात्र त्या घरच्यांना विचारल्याशिवाय एक ओळही म्हणू नका.

प्रश्न : मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. आमचे पथक सुपारीतून, म्हणजे वादनाच्या मानधनातून, खर्च वजा जाता उरलेली रक्कम एका आश्रमशाळेला देते. परंतु सरावाच्या जागेजवळचे रहिवासी सतत तक्रार करतात, त्यामुळे वाईट वाटते. (एक वादक, पुणे)

उत्तर : आश्रमशाळेला तुम्ही करत असलेली मदत चांगलीच आहे. परंतु पथकाचा पहिला संबंध सरावाच्या जागेच्या शेजाऱ्यांशी येतो. दूरच्या शाळेसाठी केलेल्या कामाचा भार जवळच्या घरातील तान्ह्या मुलाने आणि हृदयविकाराच्या रुग्णाने का सोसावा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे (आताच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाचे) विद्यार्थी विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावरील चौकांत आवाज मोजतात, आणि त्यांच्या नोंदी अनेक वर्षी शंभर डेसिबलच्या आसपास किंवा त्याही पुढे गेलेल्या आहेत.

याचा सर्वांत मोठा फटका तुम्हालाच बसतो, हे ताशा वाजवणाऱ्या प्रत्येक मुलीला आणि मुलाला कोणीतरी सांगायला हवे. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी जे निकष मानले जातात त्यांत ८५ डेसिबलला आठ तास सुरक्षित धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला तो अवघा पंधरा मिनिटांवर येतो, आणि तुमचा रोजचा सराव दोन-तीन तास चालतो. ताशा तर छातीशी, कानापासून हातभर अंतरावर असतो. कानात बोळे घालून वाजवणे हा भित्रेपणा नव्हे. वाजवून झाल्यावर कानांत रात्रभर शीळ वाजत राहिली तर ती थकव्याची खूण समजून दुर्लक्ष करू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

पथकाच्या बैठकीत तुम्ही तीन गोष्टी मांडाव्यात, असे मला वाटते. नवे हात बसवण्याचा सराव ढोलावर न करता रबरी पट्ट्यावर किंवा टायरवर व्हावा. एकत्रित वादन ठरलेल्या वेळेतच, तासाभरात आटोपावे आणि ती वेळ शेजारच्या सोसायट्यांना आधी कळवावी. मिरवणुकीत रुग्णालयाच्या अलीकडे ढोल खाली ठेवून नुसत्या टाळांवर पुढे जावे. ध्वजाच्या एका इशाऱ्यावर शे-दीडशे ढोल क्षणात थांबवण्याची शिस्त पथकांकडे असतेच. ती शिस्त रुग्णालयासमोर दिसली, तर तुमच्या पथकाविषयी शहराचे मत बदलायला वेळ लागणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा महाविद्यालयात आहे आणि तबला शिकतो. पूरग्रस्तांसाठी, ग्रंथालयासाठी, कोणाच्या तरी शस्त्रक्रियेसाठी, असे मदतनिधीचे कार्यक्रम तो सतत करतो. एक पैसा मिळत नाही, येण्याजाण्याचा खर्च आम्हीच करतो. रियाज कमी झाला म्हणून गुरुजी नाराज आहेत. त्याला थांबवावे का? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : थांबवू नका, परंतु संख्या कमी करायला अवश्य सांगा. गुरुजींची नाराजी योग्य आहे, कारण रियाजाची शिल्लक संपली की मदतीलाही काही उरत नाही. दुसरीकडे हेही खरे की रंगमंचावरचे काही धडे वर्गात मिळत नाहीत. १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गावोगाव फिरून प्रबोधनाचे कार्यक्रम केले, आणि निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे कलावंत त्यातूनच घडले. समोरच्या मैदानात बसलेली माणसे काय मागतात हे ते तिथे शिकले.

पैशांविषयी मात्र मला थोडे कठोर बोलायचे आहे. मदतनिधीच्या कार्यक्रमात मंडपवाल्याला पैसे मिळतात, ध्वनिक्षेपकवाल्याला मिळतात, छापखान्याला मिळतात, आणि साथीदाराला मात्र ‘सेवा आहे’ असे सांगून नारळ दिला जातो. ज्याचे घर बिदागीवर चालते अशा कलावंताकडून सेवेच्या नावाखाली फुकट काम करून घेणे हा अन्याय आहे. तुमच्या मुलाला आज गरज नसली तरी त्याने प्रवासखर्च मागावाच, कारण त्याच्या न मागण्यामुळे शेजारच्या संवादिनीवादकालाही मागता येत नाही. बिदागी घेऊन ती मदतनिधीत परत द्यायची असेल तर तशी नोंद करून द्यावी.

हिशेबही त्याने विचारावा. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते राजाश्रयावर विसंबून नव्हे, तर लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या जाहीर मैफली यांच्या बळावर. तरीही एवढ्या मोठ्या माणसाला पुढे कर्जापायी मुंबईतील विद्यालयाची इमारत गमवावी लागली. ध्येय थोर असले तरी जमा आणि खर्च यांचा मेळ आपोआप बसत नाही. ज्या संस्थेसाठी कार्यक्रम आहे ती नोंदणीकृत आहे का, पैसे थेट तिच्या खात्यात जाऊन तिचीच पावती मिळते का, आणि कार्यक्रमानंतर किती रक्कम पोहोचली हे श्रोत्यांना कळवले जाते का, एवढे विचारून मगच होकार द्यावा. हे विचारल्याने निम्मी निमंत्रणे आपोआप गळतील, आणि रियाजाला वेळ मिळेल.

प्रश्न : आम्ही दर महिन्याला वस्तीतील अभ्यासिकेत विनामूल्य गाण्यांचा कार्यक्रम करतो. दुसऱ्यांची गाणी गाण्यासाठी परवानगी लागते का? (एक हौशी गट, ठाणे)

उत्तर : प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये यासाठी स्पष्ट सवलत आहे. हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर केलेले सादरीकरण प्रताधिकाराचा भंग ठरत नाही. तिकीट किंवा प्रवेशमूल्य ठेवले की ही सवलत सहसा लागू होत नाही, त्यामुळे मदतनिधीच्या तिकिटांचा बेत असेल तर आधी परवाना घ्यावा. संतांचे अभंग सर्वांचे आहेत, परंतु त्यांना विसाव्या शतकातील संगीतकाराने लावलेली चाल त्या संगीतकाराची असू शकते, आणि तिचे संरक्षण त्याच्या निधनानंतर साठ वर्षांपर्यंत चालते. कार्यक्रमाचे चित्रीकरण इंटरनेटवर टाकणे ही वेगळी बाब आहे. प्रत्यक्ष सादरीकरणाची सवलत तिथे गृहीत धरू नये. शिवाय अभ्यासिकेतील मुलांचे चेहरे चित्रीकरणात येत असतील तर त्यांच्या पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि एखाद्याने नकार दिला तर त्याला कारण विचारू नये. गाण्यापूर्वी कवीचे आणि संगीतकाराचे नाव सांगायला कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. ते आजपासूनच सुरू करावे.